जगात जर्मनी, डॉट कॉममध्ये परभणी!

हजार रुपयांत नाव घ्या, लाखात विका... डोमेन नेमच्या धंद्याचा हा फंडा ऐकायला सॉल्लिड आहे. पण कुठलं नाव विकलं जाईल आणि कुठलं नुसतं पडून राहील, हे ओळखायचं कसं?

ऑक्टोबर २०२४ मधला तो किस्सा आठवतोय? जिओ आणि हॉटस्टार एक ना एक दिवस एकत्र येणार, हे दिल्लीतल्या एका डेव्हलपर मुलाने २०२३ मध्येच ओळखलं आणि ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे डोमेन स्वतःच्या नावावर करून टाकलं. एकत्र येण्याच्या बातम्या पक्क्या झाल्यावर त्याने त्याच वेबसाइटवर एक पत्र टाकलं. मला केंब्रिजला शिकायचंय, त्याचा खर्च द्या आणि हे नाव घेऊन जा! खर्च किती? तर सुमारे एक कोटी रुपये. त्या आठवड्यात ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी दुसरा विषयच नव्हता. हजार रुपयांचं नाव आणि एक कोटी... बॉस, आपल्याला का नाही सुचलं हे?

पुढे काय झालं ते मात्र फारसं कोणाच्या लक्षात नाही. रिलायन्सशी कोर्टात लढायची आपली ताकद नाही, असं त्या मुलानेच लिहिलं. मग ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांनी विकत घेतलं आणि कंपनीला ते फुकट द्यायची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं. कंपनीने कोणाच्या हातावर कोटी रुपये ठेवल्याची बातमी काही आली नाही.

परभणीच्या माझ्या मामेभावाला या गोष्टीचा पहिला भाग तोंडपाठ आहे.

पोरगा हुशार. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला, एमपीएससीचे दोन अटेम्प्ट दिलेले. तिसऱ्यासाठी पुण्यात क्लास लावायचा म्हणून मामांनी यंदा सोयाबीनच्या पैशातले पन्नास हजार त्याच्या हातावर ठेवले होते. आणि एका रात्री साडेअकराला मला त्याचा फोन.

‘‘ताई, चाळीस नावं काढलीत. सगळी मोकळी हायेत. घेऊन टाकू का?’’

आवाज असा, की जणू समृद्धी महामार्गाला लागून चाळीस प्लॉट रिकामे पडलेत आणि ते फक्त यालाच दिसलेत! मी फ्रीलान्स पत्रकार, इंटरनेटवर चार लेख लिहिलेले. एवढ्या भांडवलावर घरातले सगळे मला या विषयातली तज्ज्ञ समजतात. आता पन्नास हजारांचा आणि त्यापेक्षाही एका वर्षाचा प्रश्न होता. मग मी त्याला म्हटलं, आठ दिवस थांब, आपण एकेक नाव पाखडून बघू.

सातबारा कधीच आपला होत नाही

डोमेनची तुलना सगळेच प्लॉटशी करतात. पण प्लॉट घेतला की सातबाऱ्यावर नाव लागतं, आणि दहा वर्षं विसरून गेलात तरी तो जागेवरच असतो. डोमेन तुम्ही विकत घेतच नाही, तुम्ही ते भाड्याने घेता. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतं. पुढे पैसे भरत राहा, नाहीतर गेलं. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये दोन-तीनशे रुपयांत मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी जीएसटी धरून हजाराच्या वर जातं, ही गंमत वेगळीच.

म्हणजे चाळीस नावांचे वर्षाला चाळीस हजार, आणि तेही दर वर्षी. या धंद्यात मुरलेले लोक सांगतात, की वर्षभरात शंभरातलं एखाद-दुसरं नाव विकलं गेलं तरी गाडी बरी चालली म्हणायची. मी भावाला वहीत मांडायला लावलं. शंभराला एक, तर चाळीसला किती? अडीच वर्षांत एक! अडीच वर्षांत भाड्यापोटी गेलेले असतील एक लाख. ज्या बाजारात नाव विकायचं तिथलं कमिशन पंधरा-वीस टक्के. वीस टक्के धरलं, तर ते एकुलतं एक नाव सव्वा लाखाला गेल्यावर कुठे हिशोब शून्यावर येतो. नफ्याची गोष्ट त्याच्यापुढे.

‘‘ताई, तू निस्ती नाट लावायलीस.’’

नाट नव्हती लावत. मला फक्त त्याच्या डोक्यातून ‘मोकळं आहे’ हा शब्द काढायचा होता. एखादं डॉट कॉम आज मोकळं आहे, याचा अर्थ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अख्ख्या जगात कोणालाही ते नाव हजार रुपयांचं वाटलेलं नाही. कधीकधी जग चुकतं. नवा शब्द जन्माला येतो, नवा धंदा निघतो, गावाचं नाव बदलतं. पण ‘जग इथे का चुकलं’ याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर त्या नावावर काट मारायची. या एका प्रश्नावर चाळीसातली सतरा नावं उडाली. त्यात ‘बेस्ट’, ‘माय’ आणि ‘ऑनलाइन’ लावलेली झाडून सगळी होती.

फोनवर सांगून बघा

उरलेल्यांत परभणी जिल्हा होता. अख्खा जिल्हा! नऊच्या नऊ तालुके, आणि प्रत्येकाला कुठे शाळा, कुठे प्रॉपर्टी, कुठे मार्केट जोडलेलं. आता आमच्याकडे ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असं छातीठोकपणे म्हणतात. पण हे परभणी इंग्रजीत लिहायचं कसं, यावर सुद्धा एकमत व्हायचं नाही.

चांगल्या डोमेनची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे ते नाव फोनवर एकदाच सांगायचं आणि समोरच्याने बरोबर टाइप करायचं. मी भावाला म्हटलं, मला ‘सेलू’ सांग. आता सेलू म्हणजे एस, ई, एल, यू की एस, ए, आय, एल, यू? दोन्ही स्पेलिंगं चालतात. वर्धा जिल्ह्यातही एक सेलू आहे, आणि तिथे त्यात दोनदा ओ येतो. पूर्णा म्हणाल तर एक यू की डबल ओ? शिवाय पूर्णा नावाच्या नद्याच महाराष्ट्रात एकाहून जास्त. मानवतच्या शेवटी नुसता टी की टीएच? पाथरीत मध्ये ए आहे की नाही? मराठी नावं रोमन लिपीत बसवताना प्रत्येक काना-वेलांटीला एक फाटा फुटतो, आणि प्रत्येक फाट्यावर एक गिऱ्हाईक हरवतं. ‘चुकीची स्पेलिंगं पण घेऊन टाकतो ना मग,’ हे त्याचं उत्तर. म्हणजे भाडं दुप्पट!

जिंतूर आणि गंगाखेड या परीक्षेत बऱ्यापैकी पास झाले. मग दुसरा प्रश्न. घेणार कोण? ‘कोणीतरी घेईल’ हे उत्तर बाद. तीन खरेखुरे धंदे सांग, ज्यांच्याकडे पैसा आहे, ज्यांना वेबसाइट लागते आणि ज्यांचं हे नाव नसल्याने काहीतरी अडतंय. एक सांगता आला तर ती लॉटरी, तिघे सांगता आले तर बाजार.

इथे तो अडकला. आणि खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं, कारण पोरगा दोन दिवस परभणीत हिंडून आला होता. स्टेशन रोड, वसमत रोड, मोंढा. हार्डवेअरवाला म्हणाला, माझं दुकान गूगल मॅपवर आहे, बस झालं. साडीवाल्याचे इन्स्टाग्रामवर रील्स. बियाणांच्या दुकानदाराने तर व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुपच दाखवले, गावागणिक एक. वेबसाइट नसल्याने यातल्या कोणाचंही काही अडत नव्हतं. २००५ मध्ये डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा छोट्या शहरातला दुकानदार कधीतरी वेबसाइट काढेल अशी आशा होती. तो मधली पायरी गाळून थेट मोबाइलवरच गेला! पाटी तीच राहिली, फक्त ती दुसऱ्याच्या भिंतीवर लागली. गावाच्या नावाचं डोमेन घेणाऱ्याला यातलं दुःख कळायला हवं.

एक नाव मात्र मला मनापासून आवडलं. ‘परभणी क्रांती’. ऐकून मोर्चाबिर्चा वाटेल, पण ही भेंडी आहे! परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं वाण, पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारं म्हणून नावाजलेलं. आमच्या गावाचं नाव देशभरातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी कशामुळे असेल, तर या भेंडीमुळे. अलीकडे त्याच विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही जास्त लोह-जस्त असलेली ज्वारीही आली आहे. भाऊ अ‍ॅग्रीवाला असल्याने हे त्याला बरोबर सुचलं. नाव ओळखीचं, लोक शोधतातही. पण शोधणाऱ्याला काय हवं असतं? बियाणाचं पाकीट. ते विकणारी प्रत्येक कंपनी स्वतःच्या ब्रँडखाली विकते. वाणाच्या नावावर कुठली एक कंपनी कशाला पैसे ओतेल, जेव्हा तेच वाण शेजारचाही विकतोय? मग उरतं विद्यापीठ, आणि सरकारी विद्यापीठाने तिऱ्हाइताकडून डोमेन विकत घ्यायचं म्हणजे किती टेबलं, ते तुम्हीच मोजा. नाव सुंदर, गिऱ्हाईक शून्य. असंही असतं.

बातमीची नावं

यादीतला सगळ्यात ‘हॉट’ भाग होता नामांतराचा. आता आम्ही मराठवाड्याचे, नामांतर हा आमच्या पाचवीला पुजलेला विषय. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे सरकारच्या मंत्रिमंडळाने औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराचा निर्णय घेतला, पुढच्याच महिन्यात शिंदे सरकारने तो नव्याने घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एवढ्या मोठ्या शहरांची नवी नावं म्हणजे हजारो पाट्या बदलणार, आणि पाट्या बदलणार म्हणजे डोमेनही लागणार. तर्क चुकीचा नाही.

पण नीट बघा. धाराशिव इंग्रजीत नऊ अक्षरांचं, जुनं उस्मानाबादही नऊच. अहिल्यानगर अकरा. इथवर ठीक. छत्रपती संभाजीनगर मात्र चोवीस अक्षरांचं होतं, आणि त्यात सुरुवातीलाच दोन एच! एवढं लांब कोण टाइप करणार? मग लोक आखूड करतात. कोणी नुसतं संभाजीनगर, कोणी पुढे ‘छ.’ लावून. कुठलं आखूड रूप टिकेल, हे ओळखणं हा खरा जुगार. आणि जुनी नावं मेली म्हणावीत, तर तसंही नाही. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहेच. शिवाय एक साधी गोष्ट. नामांतराची चर्चा वर्षानुवर्षं पेपरात होती. जे आपल्याला बातमी आल्यावर सुचतं, ते कोणाला तरी बातमीच्या दहा वर्षं आधी सुचलेलं असतं.

पाथरीचंही तसंच. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले, साईबाबांचं जन्मस्थान म्हणून. शिर्डीकर खवळले, १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली, देशभर बातम्या. त्या आठवड्यात पाथरी हा शब्द जेवढ्या लोकांनी शोधला असेल, तेवढा आधी कधी शोधला नसेल. पण बातमी महिन्याभरात थंडावते आणि डोमेनचं भाडं दर वर्षी येतं. शिवाय देवस्थानाच्या नावाशी खेळायचं म्हणजे कायदा आणि भावना, दोन्ही अंगावर घ्यायचे. भावाने स्वतःहून काट मारली. मामी भक्त आहेत, हेही एक कारण असावं.

‘परभणी डॉट भारत’ असं थेट देवनागरीत नाव घेता येतं, हे त्याला नव्यानेच कळलं होतं. ही सोय २७ ऑगस्ट २०१४ पासून आहे. मराठी, हिंदी, कोंकणी धरून आठ भाषांसाठी ती एकदमच सुरू झाली. मला व्यक्तिशः हे फार सही वाटतं. स्पेलिंगचा सगळा घोळच मिटतो! पण पडद्यामागे ते नाव रोमन अक्षरांच्या एका अगम्य लडीत बदलून चालतं, काही ठिकाणी ती लडच दिसते, आणि त्यावर ईमेल चालवायचा म्हणजे बऱ्याच सेवा अजून अडखळतात. स्वतःसाठी खुशाल घ्या. विकायला घेऊ नका, कारण दुसऱ्यांदा विकत घेणाराच अजून तयार झालेला नाही. आणि डॉट एआय? ते अंग्विला नावाच्या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचं आडनाव आहे. एआयच्या लाटेत त्या बेटाच्या तिजोरीत त्यातून कोट्यवधी डॉलर आले. तिथे नाव घ्यायचं तर किमान दोन वर्षांचे पैसे एकदम, आणि तेही डॉट कॉमच्या कितीतरी पट. जिंतूर डॉट एआय घेऊन काय करणार, राजा?

भाव सांगणारी यंत्रं

मग त्याने हुकमाचा पत्ता काढला. ‘‘हे बघ, याच्यावर व्हॅल्युएशन आलंय, अकराशे डॉलर!’’ डोमेन विकणाऱ्या कंपन्यांच्याच साइटवर अशी फुकट भाव सांगणारी यंत्रं असतात. दलालालाच विचारायचं, की प्लॉट घेऊ का? त्या यंत्राला शब्दाची लांबी कळते, मिळतेजुळते जुने सौदे कळतात. मोंढ्यातल्या दुकानदाराने मान हलवली, हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा खरे झालेले सौदे बघा. नेमबायोसारख्या साइटवर जाहीर झालेले सौदे मांडलेले असतात. तिथे भारतातल्या मध्यम शहरांची नावं शोधा आणि अकराशे डॉलरची नशा उतरते का बघा.

नावाचा इतिहासही तपासायचा. आज मोकळं दिसणारं नाव कधीकाळी कोणाचं तरी असू शकतं. इंटरनेट अर्काइव्हवर १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती आहेत, तिथे ते नाव टाकलं की जुनी वेबसाइट दिसते. यादीतलं एक छान आखूड नाव असं निघालं, की त्यावर आधी जुगाराची साइट चालत होती. अशी नावं गूगलच्या आणि ईमेल गाळणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाऊन बसलेली असू शकतात. स्वस्तातली सेकंडहँड गाडी घेताना आपण चॅसिस नंबर बघतोच ना?

याच सुमारास त्याला एक मेल आला. त्याने आधीच हौसेने सहा नावं घेऊन ठेवली होती, त्यातलं एक कोणा परदेशी गृहस्थाला हवं होतं. किंमत १२ हजार डॉलर! अट एकच. अमुक साइटवरून नावाच्या किमतीचं सर्टिफिकेट आणायचं. सर्टिफिकेटची फी सव्वाशे डॉलर. घरात आनंदीआनंद. मामांनी मला फोन केला, ‘‘अगं, पोरानं केलं बघ.’’ मला त्यांना सांगावं लागलं, की मामा, ही या धंद्यातली जुनी ठगी आहे. गिऱ्हाईकही त्यांचंच, सर्टिफिकेटवालाही त्यांचाच. फी भरली की दोघेही गायब. खरं गिऱ्हाईक किंमत पाडून मागतं, सर्टिफिकेट मागत नाही. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मामा म्हणाले, ‘‘बरं झालं विचारलं,’’ आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

एकच गिऱ्हाईक असलेलं नाव

चाळीसातली सगळी नावं अशी गळत असताना एक नाव मात्र प्रत्येक परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेत होतं. स्पेलिंग सोपं, वीस वर्षांचा स्वच्छ इतिहास, आणि गिऱ्हाईक नक्की. कारण ते नाव होतं परभणीतल्या एका जुन्या शिकवणीचं, जिथे माझा भाऊही दहावीला जायचा. सर आता नाहीत, त्यांची मुलगी क्लास चालवते. ज्या मुलाने कधीकाळी वेबसाइट बनवून दिली, त्याने डोमेन स्वतःच्याच खात्यात घेतलं होतं. तो पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला, रिन्यूअलच्या सूचना त्याच्याकडे गेल्या आणि नाव संपलं. साइट बंद पडली. मॅडमना वाटलं सर्व्हर डाउन असेल.

डॉट कॉम संपलं की लगेच बाजारात येत नाही. कंपनीकडची सवलत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवून घ्यायची मुदत, आणि शेवटचे ५ दिवस नुसती वाट. त्यानंतर जो आधी पोचेल त्याचं. मोठी नावं त्याआधीच लिलावात जातात. परभणीच्या शिकवणीला कोण लिलावात बसवतंय? भावाने तारीख मोजून ठेवली होती. क्लासच्या बोर्डावर, पॅम्प्लेटवर, अगदी दोन रिक्षांच्या मागेही तेच नाव. ‘‘पन्नास हजार तर सहज देतील त्या,’’ तो म्हणाला. आणि मला कबूल करावं लागलं, की हो, देतील. त्याच्या अख्ख्या यादीत खऱ्या अर्थाने किंमत असलेलं हे एकच नाव होतं.

आता कायदा. आपल्याकडे यावर पहिल्यापासून खटले झालेत, आणि त्यातला एक मुंबईचाच. रेडिफने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘रॅडिफ’ नावाचं डोमेन घेणाऱ्यांना रोखलं. स्पेलिंगमध्ये फरक फक्त एका अक्षराचा. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, अशी भूमिका कोर्टाने घेतली. ६ मे २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’च्या खटल्यात तेच पक्कं केलं. महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्ध दाद मागायला नावाची नोंदणी लागतेच असं नाही, त्या नावाने बाजारात पत कमावलेली असली तरी पुरतं. आणि मूळ मालकालाच चढ्या भावाने विकायचं म्हणून नाव घेणं, हे डोमेनच्या तंट्यांमध्ये बदनियतीचं पहिल्या क्रमांकाचं लक्षण मानतात, डॉट कॉमच्या नियमांतही आणि डॉट इनच्याही. जिओहॉटस्टारची गोष्ट अडली ती इथेच.

‘‘त्या कशाला कोर्टात जातील?’’ भाऊ म्हणाला. खरंय. परभणीच्या शिकवणीवाल्या मॅडम काही दिल्लीला वकील लावणार नव्हत्या. म्हणजे मोठ्या कंपनीचं नाव घेतलं तर तुम्ही हरता आणि छोट्या माणसाचं घेतलं तर तो हरतो. मी त्याला वेगळीच गोष्ट सांगितली. ज्याच्या हातात डोमेन, त्याच्या हातात त्या नावाचा ईमेल. पालकांचे मेल, मुलींचे फोटो आणि फोन नंबर असलेले फॉर्म, त्या मेलवर उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे निरोप... सगळं नव्या मालकाकडे येऊ शकतं. तू घेतलं नाहीस आणि भलत्याच कोणी घेतलं तर? यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘माझी बहीण पण तिथंच जाते की.’’

दुसऱ्या दिवशी तो क्लासमध्ये गेला. मॅडमनी पुण्याच्या त्या मुलाचा नंबर मिळवायची खटपट केली, दंड भरायची तयारी दाखवली. पण खातं त्याचं, त्यामुळे सोडवूनही फक्त तोच घेऊ शकत होता, आणि तो काही सापडला नाही. शेवटी नाव सुटलं, त्या दिवशी भाऊ दुपारपासून लॅपटॉपला चिकटून बसला आणि हजार रुपयांत ते त्याच्या हाती आलं. नव्याने घेतलेलं डोमेन ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. म्हणून त्याने त्याच कंपनीत मॅडमचं खातं उघडून दिलं आणि नाव तिकडे सरकवलं.

घेतले किती? सहा हजार.

यावरून आमचं वाजलं. मला दोन हजार ठीक वाटत होते. त्याचं म्हणणं, महिनाभर तारखांवर नजर ठेवली, चार चकरा मारल्या, ईमेल पुन्हा चालू करून दिला, रात्री जागलो. ‘‘वकिलानं पाच मिनिटांत एवढे घेतले असते ताई.’’ मॅडमनी पैसे हसत दिले, हेही खरं. मला अजूनही आकडा जरा जास्तच वाटतो.

मॅडमनी मग आणखी दोघांना त्याचं नाव सांगितलं, एक डॉक्टर आणि एक लॉनवाला. दोघांचीही डोमेनं कोणा तिसऱ्याच्याच खात्यात! सध्या अकरा जणांच्या तारखा त्याच्या वहीत आहेत, वर्षाला पाचशे रुपये माणशी. क्लासची फी त्याने जूनमध्ये भरली. चाळीसातली तीन नावं स्वतःसाठी ठेवलीत, त्यातलं एक हुरडा पार्टीचं आहे. स्पेलिंगमध्ये मध्ये ए घालायचा की नाही यावर आमचं अजून ठरत नाही. त्याचं रिन्यूअल फेब्रुवारीत येतं. तोवर हुरड्याचा सीझन आटोपलेला असतो. कोणाचा फोन आलाच तर पंधरा हजारांखाली उतरायचं नाही, असं त्याने परवा मला बजावून सांगितलंय.